वणवा लागत नाही, लावला जातो : डोंगरावर शेकोट्या पेटवणाऱ्या आपल्याच मंडळींना खुले पत्र

सर्व डोंगरभटक्यांना, ट्रेक काढणाऱ्या ग्रुपांच्या म्होरक्यांना आणि सपाटी दिसली की तंबू ठोकणाऱ्या सगळ्यांना,

स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर वनखात्याला लिहायला घेतलं होतं. 'मा. वनक्षेत्रपाल साहेब' असा मायना घातला, 'आपल्या खात्याच्या निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत आलेही. मग डोळ्यांसमोर तीन दगड आले आणि सगळं खोडलं. त्या दगडांचं पुढे सांगते. पत्ता बदललाय एवढं खरं. पत्र आपल्याला आहे, मला धरून.

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. भोर-वेल्ह्याकडचा एक डोंगर. नाव मुद्दाम लिहीत नाही; लिहिलं तर पुढच्या रविवारी जळालेलं रान बघायला तिथे गाड्या लागतील. ज्यांना ओळखायचा ते ओळखतीलच. पायथ्याच्या वाडीला लागून देवराई, तिच्यावर कारवीचा पट्टा, मग ऐसपैस सपाटी आणि सपाटीच्या वर कड्यापर्यंत नुसता गवताचा उतार. मी तिथे एकवीस वर्षं जातेय. थंडी सरताना एकदा तरी जायचंच, असं ठरलेलं.

यंदा सोबत माझी जाऊ होती. दहा वर्षं मागे लागल्यावर एकदाची तयार झाली. तिला मी काय काय कबूल केलं होतं! अंधारात रातवा ऐकवीन म्हटलं होतं. गोटी फरशीवर पडून टप्पे खात खात थांबावी, तसा त्याचा आवाज येतो. सपाटीच्या कडेचा पांगारा लालभडक झाला असेल, त्यावर सकाळी नुसती पाखरांची जत्रा असते, हेही सांगितलं होतं. तिने त्यासाठी नवे बूट घेतले. पांढरे. मी काही बोलले नाही, कारण ती येतेय हेच खूप होतं.

साडेचारला वाडी सोडली. देवराईत नेहमीसारखाच गारवा. ती संपून कारवी सुरू होते तिथे आधी वास आला. पाणी मारून विझवलेल्या चुलीला येतो तसा, पण शिळा. मला वाटलं वाडीत कुणी राब भाजला असेल. चार पावलं पुढे गेले तर विजेरीचं काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. सेल नवे होते, तरी उजेड पडेना. हातावर प्रकाश मारून बघितला तर झगझगीत. मग कळलं की विजेरी ठीक आहे, जमीनच उजेड परत देत नाहीये. एरवी या दिवसांत वाळलेलं गवत विजेरीच्या झोतात सोन्यासारखं उठून दिसतं आणि वाट त्यातली काळी रेघ असते. त्या दिवशी सगळं उलटं होतं. वाट तेवढी फिकट आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही.

रातवा बोलला नाही. तो जमिनीवरच पाचोळ्यात बसतो, अंडीही तिथेच उघड्यावर घालतो, घरटं वगैरे भानगड नाही. पाचोळाच नव्हता. जाऊ दोनदा म्हणाली, "अगं, कधी ओरडणार तो?" दुसऱ्या वेळी मी उत्तर दिलं नाही.

उजाडलं तेव्हा आम्ही कारवीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला होतो. कारवी म्हणजे कुडाच्या भिंती करतात ती, दर सात वर्षांनी एकदा फुलणारी आणि फुलून मरणारी. आता त्या जागी कोळशाच्या काड्या उभ्या होत्या, पेन्सिलींचा गठ्ठा उपडा करून रोवावा तशा. धायटीचं एक झुडूप अर्धं जळालेलं, उरलेल्या अर्ध्यावर लाल फुलं तशीच. एक जुना ऐन पोकळ बुंध्यातून अजून धूर सोडत होता, एखाद्या म्हाताऱ्याने बिडी ओढावी तसा संथ. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, साधा वणवा तो अंगावर घेतो. पण याला जुनी ढोली होती, निखारा आत शिरला असणार.

आणि गोगलगायी. हे मी आधी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पावसाळा संपला की डोंगरातल्या गोगलगायी तोंड मिटून पाचोळ्याखाली, दगडाच्या कपारीला चिकटून झोपी जातात, पुढच्या पावसाची वाट बघत. त्यांचे शंख सगळीकडे पडले होते. काळ्या जमिनीवर पांढरेशुभ्र, खडूचे तुकडे सांडावेत तसे. एक उचलला तर बोटांत त्याचा चुना झाला. माझ्या दोन पावलांच्या मधल्या जागेत अकरा मोजले. पुढे मोजायचं सोडलं.

जाऊ एका दगडावर बसली, बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "काय गं, हेच दाखवायला आणलं होतंस होय?"

मला तिचा राग आला नाही. कुणाचा आला, तेही तेव्हा सांगता आलं नसतं. डोक्यात पहिलं वाक्य आलं ते आपल्या सगळ्यांच्या येतं तेच: गावकऱ्यांनी लावला असणार. आपल्या गप्पांत वणव्याचं पान याच्यापुढे उलटतच नाही. गवत चांगलं यावं म्हणून लावतात, शिकारीसाठी लावतात, अडाणी लोक, कितीही सांगा. संपला विषय.

यातलं काहीच खरं नाही असं मी म्हणत नाही. जाळलं की गवत चांगलं येतं हा समज खेड्यांत आहे, आणि त्यात अर्धं सत्यही आहे. जळालेल्या जागी कोवळे फुटवे लवकर दिसतात, गुरं त्यावर तुटून पडतात. पण वर्षानुवर्षं जाळत राहिलं की मारवेल, पवन्यासारखं कसाचं गवत मागे पडतं आणि कुसळी माजते. कुसळीचं बी मोठं बेरकी असतं. त्याचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, सुकलं की परत घेतं, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत घुसतं. वर आग गेली तरी खाली ते सुखरूप. म्हणजे जो कुसळीला कंटाळून काडी लावतो, तो पुढच्या वर्षीची कुसळीच पेरत असतो. शिवाय उघडी पडलेली राख आणि माती पहिल्या वळवाच्या सरीबरोबर ओढ्यात. हे गावात जाऊन सांगायला हवंच.

पण 'राब भाजतात म्हणून वणवे लागतात' हे आपण जे ठोकून देतो, ते जरा थांबून बघा. राब भाजणं म्हणजे भाताच्या रोपांच्या तुकड्यावर शेण, कवळ, पालापाचोळा पसरून तो भाजून काढणं. पिढ्यानपिढ्या हे काम करणारा माणूस वारा बघतो, कडेचं गवत आधी ओढून घेतो आणि राब विझेपर्यंत जागचा हलत नाही, कारण शेजारीच त्याचा पेंढा रचलेला असतो. चुकत नाही असं नाही. पण चुकलं तर पहिलं नुकसान त्याचं होतं. आपलं काय जातं?

तर त्या दिवशी आम्ही सपाटीवर पोचलो. पांगारा उभा होता, पण अर्धी फुलं करपून तपकिरी झालेली. तिथे एक मामा भेटले. देवराईच्या कडेला त्यांचा गोठा आहे, मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते. जळालेल्या रानात गुरं कुठे न्यायची हे बघायला ते वर आले होते. मी शहाणपणाने विचारलं, "खालून कुणी लावला का हो मामा?"

ते हसले. म्हणाले, "खालनं आला असता तर माझा गोठा ऱ्हायला असता का, ताई?"

मग त्यांनी मला डोंगर वाचून दाखवला. एकवीस वर्षं येऊन मला तो वाचता येत नव्हता. आग चढाला पळत जाते आणि उताराला बसत-उठत उतरते. सपाटीच्या वर कड्यापर्यंत एक काडी उरली नव्हती, सगळं सरसकट काळं. सपाटीच्या खाली मात्र जळण ठिगळाठिगळाचं, मध्येमध्ये पिवळ्या गवताचे पट्टे शिल्लक, आणि देवराईच्या तोंडाशी येऊन आग आपोआप मेलेली. तिथे सावली, ओल, गवत नाही; तिला खायलाच काही नव्हतं. झाडांचे बुंधेही त्यांनी दाखवले. सपाटीच्या वरच्या झाडांना काजळी कड्याकडच्या अंगाला उंच चढलेली, खोडाला वळसा घालून आग वर पळाली त्याची खूण. "म्हंजी सुरू कुठनं झाला?" त्यांनी विचारलं, आणि काठीने जमिनीकडे दाखवलं.

सपाटीच्या कडेला तीन दगडांची चूल होती. शेजारी अर्धवट जळालेला ओंडका, चुलीतून घरंगळून गवतात गेलेला. वितळून गोळा झालेली पाण्याची बाटली. कागदी कपांची चळत, खालचे दोन-तीन कप कोरे करकरीत.

कोर्टात टिकेल असा हा पुरावा नाही, मलाही कळतं. मामांनी सांगितलं ते असं: आठवड्यापूर्वीच्या शनिवारी रात्री वर दहा-बारा तंबू होते. उशिरापर्यंत गाणी ऐकू येत होती. पहाटे तीनच्या सुमाराला वाडीतली कुत्री ओरडायला लागली म्हणून ते बाहेर आले, तर वरचा उतार धडधडत होता. वाडीतली बाया-माणसं ओल्या फांद्या घेऊन धावली, झोडपून झोडपून खालची बाजू राखली. वनरक्षक पाचच्या आधी पोचला, पाचोळा उडवायचा ब्लोअर खांद्यावर घेऊन. एकटा पोरगा, आणि त्याच्याकडे किती गावांचं रान! वरचा उतार कुणाच्याच हातात नव्हता.

"आणि तंबूवाले?"

"त्ये आमी उठायच्या आधीच उतरून गाड्या काढून गेले. कुत्री त्यांच्यावरच वरडत व्हती. हाक पन न्हाई मारली कुनी."

मित्रमंडळींनो, मी हे पत्र या एका वाक्यासाठी लिहितेय. आग हातून सुटू शकते. घाबरून पळणंही मी समजू शकते, जीव सगळ्यांना प्यारा असतो. पण तुम्ही त्या वाडीतून गेलात. झोपलेल्या घरांच्या अंगणातूनच ती वाट जाते. कुणाच्या तरी दारावर थाप मारायला किती वेळ लागला असता? हातात फोन होते. वनखात्याचा १९२६ हा 'हॅलो फॉरेस्ट'चा नंबर चोवीस तास चालतो, नाव न सांगताही कळवता आलं असतं. ज्या वाडीत आदल्या संध्याकाळी पाणी भरून घेतलंत, ती वाडी कुत्र्यांनी जागी केली.

आणि आता माझं. १९९९ साली, कॉलेजात असताना, आम्ही सात जणी आणि दोन मित्र एका गडाच्या माचीवर राहिलो होतो. जानेवारी होता, थंडी मरणाची. शेकोटी पेटवली, गाणी म्हटली, तिच्या उबेला तिथेच झोपलो. सकाळी बघितलं तर शेकोटीभोवतीचं गवत हातभर जळून आपणहून विझलेलं. आम्ही उरलेला चहा त्यावर ओतला आणि हसलो. वारा पडला होता म्हणून आज मी तुम्हाला शहाणपण शिकवायला बसले आहे. त्यानंतरही कित्येक वर्षं मी शेकोट्या पेटवल्या. 'आपण नीट विझवतो' अशी प्रत्येकाची समजूत असते, तशी माझीही होती.

'वणवा लागला' असं आपण म्हणतो, जशी भूक लागते, ठेच लागते. फेब्रुवारीत सह्याद्रीवर ना ढग ना वीज. बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते म्हणे. त्या अख्ख्या उतारावर मला एक बांबू दाखवा. तो लावला जातो, मुद्दाम नाहीतर हलगर्जीपणाने. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव वनात आग लावण्यालाच नाही, तर परवानगीच्या काळाखेरीज आग पेटवण्याला आणि पेटती वस्तू नेण्यालाही गुन्हा मानतं. त्याच कलमात आणखी एक मेख आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर सरकार त्या वनातले चराईचे हक्क काही काळ बंद ठेवू शकतं. म्हणजे शेकोटी आपली आणि उपाशी मामांची गुरं. कायदा लिहिणाऱ्या इंग्रजाच्या डोळ्यांसमोर गुराखी होता, तंबूवाला नव्हता.

कुणी म्हणेल, आता उपग्रह आहेत. आहेत की. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचे इशारे थेट मोबाइलवर येतात. पण ते उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. रात्री दीडच्या सुमाराला एक फेरी झाली की पुढची थेट सकाळ उलटून गेल्यावर. तीनला पेटलेला गवताचा उतार तोवर जळून थंड होतो.

ज्यांना गावाची, गुरांची, गोगलगायींची फिकीर वाटत नाही त्यांनी निदान स्वतःसाठी ११ मार्च २०१८ ही तारीख लक्षात ठेवावी. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली मंडळी वाळक्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडली. वीसहून जास्त जीव गेले. आपल्यासारखीच होती, शहरातली, नोकरदार, शनिवार-रविवारची सुट्टी साधून गेलेली. आग दिसली की चढाकडे पळू नका हे मामांचं गणित तिथे जिवाचं गणित ठरतं. आडवं निघावं, उघडा कातळ गाठावा, नाहीतर जळून थंड झालेल्या भागात शिरावं. आणि कृपा करून व्हिडिओ काढत उभं राहू नये.

आणखी एक गोष्ट, जपून बोलायची आहे. शिवजयंती १९ फेब्रुवारीला येते, डोंगर ऐन वाळलेला असताना. गडावरून शिवज्योत नेणाऱ्या पोरांबद्दल मला आदरच आहे; अनवाणी पळतात, तहानभूक विसरतात. पण पेटती मशाल गवतातल्या पाऊलवाटेने उतरवण्यापेक्षा गडावर पूजा करून ज्योत पायथ्याच्या डांबरी रस्त्यावर पेटवली तर तिचं तेज कमी होणार आहे का? गडाचं रान हेही महाराजांचंच आहे ना.

आपल्या ग्रुपांनी काय करायचं, ते मी साधं मागते. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. या काळात डोंगरावर चूल नाही, शेकोटी नाही, बार्बेक्यू नाही, सिगारेट तर नाहीच. जाहिरातीत 'कॅम्पफायर' हा शब्द दिसला तर त्या ग्रुपबरोबर जायचं नाही. पोरं येणार नाहीत म्हणता? मग नका आणू. जेवण खाली वाडीत सांगा. पिठलं-भाकरी-ठेचा वर पाठीवरून नेता येतो, थंडही चांगला लागतो, आणि चार पैसे त्या घरात जातात.

दुसरं जरा कष्टाचं आहे. जूनमध्ये आपण पोत्यांनी बीजगोळे फेकतो, जुलैत खड्डे खणून रोपं लावतो, फोटो टाकतो. फेब्रुवारीत तीच रोपं जळतात, त्याचा फोटो कुणी टाकत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या सपाटीखालीही कुणीतरी लावलेली रोपं होती. ठिबकची नळी वितळून जमिनीला चिकटली होती, तिच्यावरून कळलं कुठे कुठे होती ते. त्यापेक्षा नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या काळात दोन रविवार द्या आणि जाळरेषा काढू लागा. गवत कापून, पाचोळा ओढून पट्टा मोकळा करायचा, की आग आली तरी तिथे अडते. हे खात्याचं काम आहे, ठाऊक आहे मला. पण अख्ख्या डोंगराला एक वनरक्षक हे गणितही आपल्याला ठाऊक आहे.

उतरताना आम्ही मामांच्या गोठ्यापाशी चहा घेतला. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आठवणीने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, एकेक निखारा पाण्यात बुडवला, वर माती लोटली आणि तळहात ठेवून बघितला. जाऊ ते टक लावून बघत होती.

जाळरेषा काढायला भेटू नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी सातला, वाडीच्या पाराशी. खात्याच्या परवानगीसाठी अर्ज मी दिलाय. हो म्हणाले तर सपाटीखालच्या पट्ट्यापासून सुरुवात करू. कोयते आणि दाताळी मामा देणार आहेत, हातमोजे आपापले आणा. त्या शनिवारी वर तंबूत असलेल्यांपैकी कुणी आलं तर मी काहीही विचारणार नाही, मामाही नाहीत. जाऊ येतेय. बूट मात्र जुने घालणार आहे.

आपली,
एक डोंगरभटकी